शनिवार तेली आणि आपल्या मंडळाची सहल



ठाण्याच्या टेंभी नाक्यावर आपण किती वेळा गेलो असू? भाईंदरहून घोडबंदर रस्त्याने गाडी केली की मुनिसुव्रत स्वामींचं दर्शन, थोडा जप, आयंबिलच्या ओळीचे दिवस असतील तर श्रीपाळ-मयणासुंदरीच्या प्रसंगांसमोर थोडं थांबणं, आणि परत. कोकण शत्रुंजय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एवढंच येतं. मी वीस वर्षं जाते आहे. त्याच टेंभी नाक्यावर, चालत काही मिनिटांवर, १८७९ साली बांधलेलं एक प्रार्थनास्थळ आहे, हे मला गेल्या वर्षीपर्यंत माहीतही नव्हतं. त्याचं नाव शाआर हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं दार. ते ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे. हे ज्यू परदेशी नव्हेत. घरात मराठी बोलणारे, पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर अशी आडनावं लावणारे आपल्या कोकणातलेच लोक. स्वतःला ते बेने इस्रायल म्हणवतात.

आपल्या मंडळाची यंदाची सहल मी त्यांच्या ठिकाणांवर न्यायचं ठरवलं आहे. बैठकीत हे सांगितलं तेव्हा आधी शांतता पसरली, मग एक मोठ्या भाभी म्हणाल्या, "पण ते तर मांसाहारी. आपण तिथे कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी माझी फजिती सांगते. सहलीची पहिली तारीख मी काढली ती महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारची. नोकरीवाल्या सुनांना सुट्टी, मुलांना सुट्टी. परवानगीसाठी फोन केला तर पलीकडचे गृहस्थ माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत म्हणाले, "ताई, शनिवारी आमचा शब्बाथ असतो हो. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, शनिवारी रात्री संपतो. त्या दिवशी प्रार्थनेला या, पण सहलीला नको." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या समाजाला कोकणाने शेकडो वर्षं ओळखलं तेच शनिवारवरून, त्यांच्याकडे मी शनिवारचीच बस काढत होते!

कोकणात यांचं नाव होतं शनिवार तेली. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या भागात हे लोक घाणा चालवत, तेल गाळून विकत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. दुसरे तेली सोमवारी बंद ठेवत, ते सोमवार तेली. गावाला बाकी काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. (तेलाचा घाणा म्हणजे आपल्या पंधरा कर्मादानांतलं यंत्रपीलन, श्रावकाला वर्ज्य धंदा. मलाही ते आठवलंच. पण पुढे वाचा.)

ते आले कसे, याची त्यांची परंपरागत कथा अशी. फार जुन्या काळी, काहींच्या मते दोन हजार वर्षांपूर्वी, छळाला कंटाळून निघालेल्या लोकांचं गलबत चौलजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्यावर लागली, ती तिथेच पुरली. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. आज तिथे स्मारकस्तंभ आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, गुरू गेले, सगळं गेलं. याला लेखी पुरावा नाही, आणि ते कधी आले याबद्दल इतिहासकारांची मतं निरनिराळी आहेत. पण मला ही कथा वाचताना श्रीपाळराजा आठवला. धवलशेठने ढकलल्यावर समुद्रात पडलेला, नवपदाचं स्मरण करत मगरीच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्याला लागलेला आणि ठाण्याच्या राजाने जावई करून घेतलेला. समुद्राने किनाऱ्यावर आणून सोडलेल्यांच्या दोन कथा, आणि दोन्हींच्या वास्तू एकाच नाक्यावर!

आता भाभींच्या प्रश्नाकडे येते. गलबत फुटल्यानंतर या लोकांकडे काय उरलं होतं? धर्मग्रंथ नाही. हिब्रू भाषा विसरलेली. देऊळ नाही, पंडित नाही. १७३८ च्या एका युरोपीय मिशनऱ्याच्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे, त्यातही हेच की यांच्याकडे ग्रंथ नाही, आणि 'शेमा' नावाची एकच प्रार्थना तेवढी त्यांना येते. 'ऐक, हे इस्रायल, देव एकच आहे' असा तिचा भाव. म्हणजे आपल्याकडे आगम नाहीत, साधू-साध्वी नाहीत, स्थानक नाही, देरासर नाही, फक्त नवकार मंत्र येतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. कल्पना करा.

मग धर्म टिकला कुठे? स्वयंपाकघरात.

त्यांच्यात डेव्हिड रहाबी नावाच्या एका ज्यू विद्वानाची गोष्ट सांगतात. तो कोकणात आला आणि या लोकांच्या चालीरीती पाहून त्याला संशय आला, की हे आपले तर नव्हेत? त्याने परीक्षा घेतली ती बायकांची. निरनिराळे मासे एकत्र करून त्यांना रांधायला दिले. ज्यूंच्या नियमाप्रमाणे पर आणि खवले असलेला मासाच चालतो, बाकीचे अभक्ष्य. बायकांनी न सांगता टोपलीतून पर-खवले नसलेले मासे बाजूला काढले. का, तर आमच्यात खात नाहीत, एवढंच. रहाबीला ओळख पटली. त्याने पुढे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी केलं. रहाबी नेमका कधीचा, यावरही वाद आहे. काही जण त्याला फार जुना मानतात, काही अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात.

मासे निवडण्याची गोष्ट आपल्या ब्लॉगवर लिहिताना हात अडखळतो हे कबूल करते. पण टोपलीसमोर बसलेल्या त्या बाईला बघा. ती ग्रंथ वाचू शकत नाही, कारण विचारलं तर सांगू शकत नाही. आईने बाजूला काढलं म्हणून ती काढते. आपण भाजीवाल्याकडे बटाटे-कांदे टाळून गवार-भेंडी घेतो तेव्हा दर वेळी अनंतकायाचा अर्थ मनात असतो का? माझ्या मनात नसतो. हात आपोआप पुढे जातो.

त्यांच्या घरातले बाकीचे नियम वाचत गेले तसं जास्तच ओळखीचं वाटू लागलं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही. भांडीसुद्धा वेगळी. त्यामुळे कोकणातल्या या घरांत नारळाच्या दुधाचा वापर पुष्कळ. आपल्याकडे कच्चं दही आणि कडधान्य एकत्र आलं की विदळ होतं, तसाच हा विचार, कारणं निराळी. शब्बाथच्या प्रार्थनेला द्राक्षाचा रस लागतो. तो मिळत नसे तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुस्करून सरबत करत, आणि अजूनही करतात. नवीन वर्षाला गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा.

आणि सणांची नावं! जगभरचे ज्यू हिब्रू नावं घेतात, यांनी मराठी नावं ठेवली. नवीन वर्ष म्हणजे नव्याचा सण. एक खिरीचा सण. आपल्या राज्याचा आणि मंदिराचा नाश झाला त्या शोकाच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणायचे, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचं बिरडं खायचं. कोणतं मंदिर, कुठलं शहर, कोणी पाडलं, हे विसरून गेलं होतं. बिरडं लक्षात राहिलं.

सगळ्यांत मोठा दिवस योम किप्पूर, त्याला यांच्यात दारफाळणीचा सण म्हणत. दारं बंद करण्याचा सण. आदल्या संध्याकाळपासून घराची दारं बंद, पांढरे कपडे, बाहेरच्या माणसाचा स्पर्श नाही, अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत. वर्षभराच्या पापांची कबुली द्यायची, आणि माणसाशी वागताना चूक झाली असेल तर आधी त्या माणसाची क्षमा मागायची, कारण तिथे देव माफ करत नाही. त्या दिवशी चामड्याची चप्पल घालत नाहीत. तो दिवस येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्या संवत्सरीनंतर थोड्याच दिवसांनी. आपण 'मिच्छामि दुक्कडं' म्हणून मोकळ्या होतो तेव्हा ठाण्यातल्या त्या घरांत त्याची तयारी चालू असते.

बाहेरून शिक्षण आलं ते एकोणिसाव्या शतकात. मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. उद्देश धर्मांतराचा होता. झालं उलटंच. बायबलचा जुना करार मराठीत हातात पडल्यावर या लोकांना कळलं, की आपण करतो ते इथे लिहिलेलं आहे. धर्म सोडणारे मोजकेच निघाले, बाकीचे आणखी पक्के झाले. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या एका हगादा पोथीत (पेसाह सणाला घरी वाचायची पोथी) चित्रं आहेत, त्यांत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका थेट आपल्याकडच्या साडीत बसलेल्या आहेत. कीर्तनंही त्यांनी मराठीत रचली, १८८० च्या सुमारास त्यांची कीर्तन मंडळी होती.

मुंबईचं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, मांडवीत. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटले तर देऊळ बांधीन असा नवस होता म्हणतात. सिनेगॉगचं नाव शाआर हाराहमिम, दयेचं दार. आसपासचे लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. दिवाळीच्या आधी काजू-बदाम घ्यायला आपण सगळ्या मस्जिदला उतरतो, तेव्हा आता जरा मान वर करून बघा. जवळची सॅम्युएल स्ट्रीट याच दिवेकरांच्या नावाची. पुण्यात मात्र ज्यूंच्याच दुसऱ्या एका सिनेगॉगला लोक लाल देऊळ म्हणतात. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ!

त्यांच्या मुलींबद्दल थोडंसं. डॉ. जेरुशा झिराड (१८९१–१९८४) हे नाव मी ऐकलं नव्हतं, तुम्हीही बहुधा नसेल. लंडनहून १९१९ मध्ये एम.डी. होऊन आल्या, १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ मध्ये पद्मश्री. आपल्या आजेसासूबाईंच्या पिढीतल्या किती जणींची बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली झाली असतील. झिराड हे अलिबागजवळचं गाव, आपली बस त्या भागातूनच जाणार आहे.

आता जे मला लिहायला जड जातं ते. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला तेव्हा बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. त्यानंतर ते निघाले. कोणी हाकललं नाही. भारतात त्यांचा छळ झाल्याची नोंद नाही, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. पण रोजच्या प्रार्थनेत ज्या भूमीचं नाव घ्यायचं ती समोर आली, इंग्रजांबरोबर फौजेतल्या आणि रेल्वेतल्या नोकऱ्यांचा आधारही कमी झाला. तिकडे गेल्यावर काय झालं? १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलं, की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासा, हे खरे ज्यू आहेत की नाहीत बघा. ज्यांच्या आज्यांनी ग्रंथाविना, गुरूंविना सगळं सांभाळलं, त्यांच्याकडे कागद मागितले! १९६४ च्या उन्हाळ्यात हे लोक जेरुसलेममध्ये निदर्शनांना बसले. प्रश्न तिथल्या संसदेत गेला, आणि मग ते पूर्ण ज्यू आहेत असं मान्य झालं. आज इस्रायलमध्ये त्यांचे हजारो वंशज आहेत, तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघतं.

आणि इथे? २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारही भरत नाहीत. आपण जैन तेव्हा ४४ लाखांच्या वर होतो, आणि तरी आपण स्वतःला अल्पसंख्य म्हणतो. महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या गावांत दहा जण जमवणं म्हणजे मुंबई-ठाण्याहून माणसं बोलावणं. माझा भाचा टोरांटोला आहे, नणंदेची मुलगी सिडनीला. तिथे त्यांच्या घरी कांदा आला का, हे विचारायचं धाडस मला होत नाही. दारफाळणी आणि बिरड्याबद्दल वाचत होते तेव्हा डोक्यात तेच होतं.

असो. कार्यक्रम असा. चातुर्मास संपल्यावरच निघायचं, म्हणून जानेवारीतला रविवार. ठाण्याचं सिनेगॉग वेगळ्या दिवशी, कोकण शत्रुंजयच्या दर्शनाला जोडून करू, कारण चाळीस जणींना एकदम नेण्यापेक्षा वीस-वीस बऱ्या. परवानगी आधी लेखी घ्यावी लागते. २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसमधल्या ज्यूंना मारलं, तेव्हापासून सुरक्षा कडक आहे. प्रत्येकीने ओळखपत्राची प्रत माझ्याकडे आधी द्यावी, आयत्या वेळी "घरी राहिलं" चालणार नाही.

आत मूर्ती नसते, फोटो नसतो. ज्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतात ती जेरुसलेमच्या दिशेची, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेची. तिथल्या कपाटात हस्तलिखित तोरा ठेवलेला असतो. तो चर्मपत्रावर लिहितात, हे आधीच सांगते, म्हणजे तिथे कुजबुज नको. वर दिवा सतत तेवत ठेवायची पद्धत, आपल्या अखंड दिव्यासारखी. बायकांची जागा बहुतेक ठिकाणी वरच्या सज्जात. अंगभर कपडे, आणि फोटो विचारल्याशिवाय नाही. आपल्या देरासरात कोणी पर्यटक येऊन मोबाइल वर धरतो तेव्हा आपल्याला कसं होतं, तेवढं आठवायचं.

अलिबागला इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग बघू. स्थापना १८४८, आताची इमारत १९१० ची. तिथून खंडाळा गावाच्या बाजूला एक कातळ आहे. एलियाहू हनवी हा त्यांचा पैगंबर इथून रथातून स्वर्गात गेला आणि घोड्याच्या टापांच्या खुणा कातळावर उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा. त्याच्या नावाने ते नवस बोलतात आणि फिटला की मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. कंदमूळ नाही, अंडं नाही. कोणी प्रेमाने पुढे केला तर तिथी बघून घ्यायला माझी हरकत नाही. ज्यांना बाहेरचं चालत नाही त्यांनी हात जोडावेत, पण तोंड वाकडं करू नये.

नवगावचा प्रश्न अवघड होता. तिथे दफनभूमी, मग आंघोळीशिवाय जेवायचं कसं? खूप डोकं लढवून असं ठरवलं, की चौविहारवाल्यांसह सगळ्यांचं जेवण पाचच्या आत उरकायचं आणि नवगाव सगळ्यांत शेवटी, उजेड असेपर्यंत. मग थेट घरी. हात धुवायला पाण्याचे कॅन गाडीत असतील. दफनभूमीतून निघताना हात धुवायची रीत त्यांच्यातही आहे. ज्यांना आत यायचं नसेल त्यांनी बसमध्ये थांबावं, कोणी काही म्हणणार नाही.

हे सगळं लिहून मी काल रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या पहिल्यापासून विरोधात होत्या. शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्या दारफाळणीला पाणीसुद्धा नाही?"

"नाही. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत."

"म्हणजे चौविहार उपवासच की." थोडा वेळ माळ फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "माझं नाव लिही. पण मला बसमध्ये पुढची सीट हवी, मागे मळमळतं."

पुढच्या दोन सीटा त्यामुळे गेल्या. बाकीच्यांनी पंधरा तारखेपर्यंत नावं द्या, आणि कोणाची तिथी, कोणाचं एकासणं, कोणाला नवकारशीनंतरच चहा, ते नावापुढे लिहा. डब्यात थेपले आणि कोरडी चटणी मी करते आहे. सुकी भाजी कोण करणार?